सांजपर्यंत पुन्हा बसते

मंगळवार, रात्री साडेअकरा

आई एवढंच म्हणाली, "कायले पुसून राहिली? सांजपर्यंत पुन्हा बसते."

आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात अंगण ओलं राहतं हे जसं सांगावं, तसं सांगितलं आणि दुधाचं पातेलं घेऊन आत गेली. मी हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिले. रात्रभर चंद्रपुरात, तुकूम भागातल्या घरासमोर लावलेल्या माझ्या पांढऱ्या विजेवरच्या गाडीवर दव पडलं होतं, त्यात धूळ मिसळून काचेवर करडा लेप चढला होता. फडकं पहिल्याच फेऱ्यात काळं झालं. मागच्या काचेवरचं 'शून्य उत्सर्जन'चं स्टिकर तेवढं घासून स्वच्छ झालं होतं.

पुण्यात परत येऊन दोन दिवस झाले. वाक्य डोक्यातून जात नाही.

चंद्रपुरात धुळीला एकच बाप नाही, हे मला कळतं. कोळशाचे ट्रक आहेत, उखडलेले रस्ते आहेत, खाणींचे ढिगारे, सिमेंट, थंडीतल्या शेकोट्या, आणि औष्णिक केंद्राच्या चिमण्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तिच्यात चंद्रपूर होतं. ती बातमी मी पुण्यात वाचली होती. वाचून आईला फोनसुद्धा केला नव्हता. ते आज का आठवावं? जाऊ दे.

जेवताना दादा म्हणाला, "तुझी गाडी कोळशावरच चालते तं. मधात फक्त तार लांब आहे." वहिनीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मी हसले, वाढून घेतलं, विषय बदलला. घराच्या कागदांचं बोलणं या खेपेलाही राहिलं.

काल रात्री वही घेऊन बसले. दादाला उत्तर द्यायचं होतं, आणि खरं तर आईला.

पुणे ते चंद्रपूर सातशे किलोमीटर धरले. समृद्धीवर गाडी युनिटमागे सातेक किलोमीटर देते, म्हणजे शंभर युनिटं. चार्जिंगमध्ये आणि तारांमध्ये वीज गळते ती धरून एकशेवीस. देशातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. झाले ८६ किलो. जुनी पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा द्यायची. ४७ लिटर, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे १०८. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने पोचवणं हे मिळवलं तर सव्वाशेच्या आसपास. सुमारे चाळीस किलोंचा फरक. मग आठवलं की बॅटरी बनवतानाच गाडीने कार्बनचं कर्ज काढलेलं असतं. माझ्या गाडीएवढ्या बॅटरीचं तीन टन धरलं, तर फिटायला पन्नासेक हजार किलोमीटर लागतील. माझे झालेत एकतीस हजार. अजून मी देणंच लागते.

तेवढ्यावर वही मिटायला हवी होती. पण मी हिशेब पुन्हा मांडला, या वेळी सगळी वीज चंद्रपूरचीच धरून. आपल्याकडच्या कोळशावर युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड जातो. एकशेवीस युनिटं, एकशेवीस किलो. पेट्रोलशी जवळपास बरोबरी. दादा पूर्ण चुकलेला नव्हता.

आणि कोळसा? युनिटमागे पाऊण किलो धरला तर नव्वद किलो. आपला कोळसा राखेचा. शंभरातले पस्तीसेक भाग राखच. म्हणजे माझ्या एका खेपेमागे तीस किलो राख, घरी गहू येतो त्या पोत्याएवढी. ती सगळी हवेत उडत नाही, बहुतेक यंत्रात पकडली जाते आणि बंधाऱ्यात, सिमेंटमध्ये, विटांमध्ये जाते. हे बाबांनीच मला शिकवलेलं. तरी ते पोतं आईच्या दारात ठेवलेलं दिसतंय आणि डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला आज स्वतःची कीव आली, तेही लिहून ठेवते. आमच्या जिन्यातल्या पाच घरांत सहा पेट्रोलच्या गाड्या आहेत, दोन डिझेलच्या. त्यांना कोणी विचारत नाही तुमचं तेल कुठून येतं. मी दोन वर्षं मोठी सुट्टी घेतली नाही, हप्ता डोक्यावर घेतला, चार्जरच्या परवानगीसाठी सोसायटीच्या तीन बैठकांत उभी राहून बोलले. कर्वे रस्त्यावर सिग्नलला स्कूटरवर थांबायचो, मागे माझी लेक ओढणी नाकाला लावून बसायची. तिच्या तोंडावर धूर सोडणाऱ्यांत आपण नको, एवढं साधं होतं मनात. हिरवी नंबरप्लेट लागली त्या दिवशी रडू आलं होतं मला. आणि आता हिशेब मागितला जातोय तोही माझ्याकडेच. कोण मागतंय पण? आईने तर काहीच मागितलं नाही.

हेच टोचतं. तिने मागितलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं.

लहानपणी बाबा सायकलच्या नळीवर बसवून विजेच्या तारांच्या मनोऱ्यांखालून न्यायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चंद्रपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत उच्च दाबाची लाइन टाकली, ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅटची. तोवर मी मोठी झाले होते, तरी नवे मनोरे दाखवायला त्यांनी मला मुद्दाम नेलं. "तिकडचे पंखे आपल्या भरवशावर फिरतात," म्हणाले. त्यांचा अभिमान खरा होता. औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला तेव्हापासूनची माणसं ती. २१० मेगावॅटचे जुने दोन संच बंद झाले, पुढे ५०० चे दोन नवे आले, आज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. बाबांना हे आकडे पाठ असायचे, जसे दुसऱ्यांच्या बाबांना क्रिकेटचे. तेव्हा मला कधी वाटलं नाही की तारेच्या एका टोकाला पंखा असतो आणि दुसऱ्या टोकाला आईची गच्ची.

लाइन पडघ्याला जाते, पुण्याला नाही, असं मी काल स्वतःला सांगून पाहिलं. पण ग्रिड एकच आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचं जाळंही रायचूर-सोलापूर लाइनने जोडलं गेलं आणि सगळा देश एका सुरात आला. माझ्या पार्किंगमधल्या प्लगमध्ये कोयनेचं पाणी किती आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचा कोळसा किती, हे कोणालाच वेगळं काढता येत नाही. मला हवं तेव्हा मी कोयना म्हणायचं आणि नको तेव्हा कोळसा विसरायचा, हे बरोबर नाही.

धूर एकाच चिमणीतून निघत असेल तर पकडायला सोपा, हजारो गाड्यांचा पकडणं अवघड. हे कारण मी गाडी घेताना सगळ्यांना सांगायचे, आणि ते खरंच आहे. पण पकडायला हवा ना. औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर २०१५ च्या डिसेंबरमध्ये मर्यादा आली, दोन वर्षांत पाळायची होती. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. जोवर तो पकडला जात नाही तोवर माझं कारण अर्धंच राहणार. ग्रॅमची बेरीज-वजाबाकी होते. धूर कर्वे रस्त्यावरून उचलून कोणाच्या गच्चीवर ठेवला, हे त्या बेरजेत कुठे लिहिलेलं नसतं.

तरी आज संध्याकाळी थोडं निवळलं. भांडी घासताना वाटलं, ती जुनी गाडी भंगारात जाईपर्यंत पेट्रोलच जाळणार होती, तिला दुसरं काही येतच नव्हतं. या गाडीला काय खायला घालायचं ते अजून बदलता येतं. देशात बसवलेल्या क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-वायू सोडून आहे, २०२५ मध्ये तो टप्पा आला. प्रत्यक्ष विजेत अजून कोळसाच बराच जास्त, कारण ऊन संध्याकाळी जातं आणि आपण सगळे संध्याकाळीच घरी येतो. मीही साडेदहाला प्लग लावून झोपते. रात्रीची वीज म्हणजे मुख्यतः कोळसाच. दुपारी ऊन चढलं की कोळशाच्या संचांना भार उतरवायला सांगतात. 'बॅकडाउन' हा शब्द मी बाबांच्या तोंडून ऐकलेला, ते तो नाखुशीने उच्चारायचे. आता टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं मीटर असलेल्यांना दिवसा नऊ ते पाच सवलतही मिळते. गुरुवारी आणि रविवारी गाडी घरीच असते. त्या दोन दुपारी लावली तर आठवडा निघतो. एवढी सोपी गोष्ट, आणि एकतीस हजार किलोमीटर मला सुचली नाही.

याने तुकूमची धूळ कमी होणार नाही, कळतं मला. गाडी विकणार नाही. पेट्रोलवर परत जाणार नाही. दादाला सांगेन की तू म्हणतोस ते अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी दुपारी प्लग लावते. तो काय म्हणेल ते म्हणो. स्टिकर मात्र काढलं आज. कोपरा नखाने सुटला, बाकी खोबरेल तेल लावून.

नऊ वाजता आईला फोन केला. धुळीचं विचारायचं ठरवून केला होता, आणि विचारलं गुडघ्याचं. मग तीच म्हणाली, मुंगवड्या घालायच्या आहेत गच्चीवर, झाकायला चांगलं कापड नाही, जुन्या धोतराचं पान विरलं. "बारीक पायजे, पण हवा लागली पाहिजे. तुमच्याकडे मिळते का तसं?"

मिळतं म्हटलं. खाट किती लांब आहे विचारलं. तिने फोन खाली ठेवून वितीने मोजून सांगितलं.

मलमल, साडेतीन मीटर. दोन पदरी करायची तर सात.