१९१८ ला वारलेले पणजोबा १९२८ ला गिरणीत कसे? गाठ सुटतेय

दोऱ्याचं टोक हाती आलंय, अजून ओढायचंय. पण आधी बातमी: कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदवहीत) ऑक्टोबर १९१८ ला वारलेले माझे पणजोबा अमळनेरच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आजोबांच्या नोंदीत, १९२८ साली ‘गिरणीत नोकरी’ करताना दिसतात, त्याचा उलगडा झाला. हा पेच मी इथे मांडला तेव्हा ‘कारकुनाची चूक’ या बाजूने तुमच्यातल्या बहुतेकांनी मत दिलं होतं. मला ते पटत नव्हतं. जिथे अडलं तिथे कारकुनावर ढकलायचं, मग शोधायला उरतं काय?

पहिली शंका अर्थातच एकाच नावाच्या दोन माणसांची. घरच्यांनी बजावलंय म्हणून नाव लिहीत नाही, पण ते सुपडू, उखर्डू, भिका, दगडू याच माळेतलं. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याला सुपात घालायचं नाहीतर उकिरड्यावर ठेवायचं आणि तसंच नाव द्यायचं. छप्पन्याचा (१८९९-१९०० चा) दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे प्लेग पाहिलेल्या खानदेशात अशा नावांना काय तोटा? गावातले त्याच नावाचे सगळे काढले. एकाचं वय जुळेना, दुसऱ्याच्या बापाचं नाव. ती वाट बंद झाली.

मग १९१८ ची पानं पुन्हा घेतली. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांनी कोणत्याही गावची एकदा पाहावीत. एरवी एका पानात कितीतरी महिने मावतात, आणि मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या साथीच्या) त्या ऑक्टोबरात पानं भरत जातात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, त्याच्याखाली पुन्हा ‘ताप’. इन्फ्लुएंझा असा रकानाच नव्हता, सगळं तापात गेलं. त्यात त्या वर्षी पाऊसही गेलेला. लिहिणाऱ्याचं अक्षर महिन्याच्या शेवटी इतकं फिरतं की मोडी आहे की नुसत्या रेघोट्या, कळेना. मोबाइलचा टॉर्च वरून न मारता कडेने, पानाला जवळजवळ आडवा धरला, तेव्हा फिकी शाई उठून आली. हा उपाय इथेच कुणीतरी सांगितला होता, त्याला सलाम. नोंद पक्की निघाली: नाव तेच, बापाचं नाव तेच, वय तीस. म्हणजे पणजोबा खरोखरच गेले होते.

(मोडीबद्दल एक कळकळीचं: स्वतः शिका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात सगळी दप्तरं उपसली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना सवडच राहिली नाही. मी ज्यांच्याकडे पानं दिली त्यांनी पैसे आगाऊ घेतले आणि नावं सोडून बाकी सगळं वाचून दिलं! मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, हे खरं. पण आपल्याला बखर वाचायची नाहीये. आकडे, महिने आणि आपल्या गावातली नावं ओळखता आली की कोतवाल बुक निघतं.)

गाठ सोडवली ती कागदाने नाही, फुईआजीने. माझ्या आजोबांची धाकटी बहीण, नव्वदी पार केलेली, कानाने अधू, आठवणीने पक्की. तिला इतकी वर्षं मी ‘तुझे वडील कुठल्या खात्यात होते’ असलेच प्रश्न विचारत होतो. या वेळी तिच्यासमोर गिरणीचा बिल्ला ठेवला (पितळी, नंबर कोरलेला, ज्याचा फोटो पूर्वी इथे टाकला होता) आणि म्हटलं, हा पणजोबांचा ना? ती म्हणाली, “मना बापना शे. तुना आजाले दोन बाप व्हतात. एक मरी गया.”

आणि मग जे सांगायला लागली ते असं. थोरला भाऊ मानमोडीत गेला. मागे बायको आणि मांडीवरचं पोर. धाकट्या दिराशी तिचा पाट (विधवेचं दुसरं लग्न) लावला. पिकलं नव्हतं, वावर सावकाराकडे गहाण, म्हणून धाकटा बायको-पोराला घेऊन नरडाण्याला गाडीत बसला आणि अमळनेरला प्रताप मिलमध्ये लागला. आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी), मग कायम. फुईआजी या दुसऱ्या संसारातली. घरात कुणी लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

आता शाळेची नोंद पुन्हा वाचा. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव थोरल्याचं. ‘गिरणीत नोकरी’ हा पालकाचा धंदा, आणि पालक म्हणून पोराला शाळेत घेऊन गेला तो धाकटा. त्याने पोराला स्वतःचं नाव लावलं नाही, भावाचंच ठेवलं. दोन्ही कागद खरे, कारकूनही निर्दोष!

यातून आजोबांच्या जन्मतारखेचाही निकाल लागला. रजिस्टरात १ जून १९२१. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, तो मास्तरांच्या कृपेने. अंगाने किरकोळ पोर पहिलीत घालायचं, म्हणून सात वर्षांचा हिशेब मागे मोजला असणार. पण बाप १९१८ च्या ऑक्टोबरात गेला, तर जन्म फार तर १९१९ च्या मध्यापर्यंतच. मागे मागे जात गेलो आणि फेब्रुवारी १९१८ ला सापडलं: बापाचं नाव बरोबर, पुढे नुसतं ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली, त्यामुळे नाव नाही. त्या ‘मुलगा’कडे मी बराच वेळ बघत बसलो.

आणि हे घरातल्या गोष्टीशीही जुळतं. आजोबा म्हणायचे, मिठाच्या सत्याग्रहाच्या साली शाळा सुटली आणि गिरणीत लागलो. कारखाना कायद्याच्या १९२२ च्या दुरुस्तीनंतर कारखान्यात बाराच्या आतलं पोर घेता येत नव्हतं, आणि पंधरापर्यंत दिवसाला सहाच तास. शाळेच्या तारखेने ते १९३० ला नऊ वर्षांचे ठरतात, कोतवाल बुकाने नेमके बाराचे. नऊच्या पोरांना बारा म्हणून खपवणं चालायचं, त्यामुळे याला पुरावा म्हणत नाही. पण तीन गोष्टी एका रेषेत आल्या की झोप लागते.

नोंदी ठेवायला ज्यांना मोबाइल ॲप आवडतं त्यांना लखलाभ. माझ्या आधीच्या ॲपने एका मुलाला दोन बाप म्हटल्यावर सरळ एक खोडून टाका म्हणून हट्ट धरला. आता सगळं ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरवर हलवलंय. फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण एक माणूस दोन कुटुंबांत मूल म्हणून जोडता येतो. पाटाच्या घरांसाठी हेच हवं.

पुढचा बेत नाशिकचा होता. पंचवटीत आमच्या गावच्या तीर्थोपाध्यायांची वही (येणाऱ्या यजमानांच्या घराण्यांची नावं लिहिलेली) पाहायची, सिंहस्थाची गर्दी उसळायच्या आत. धाकटा भावाचं श्राद्ध करायला गेला असेल तर पुतण्याचं नाव तिथे सापडेल. आपल्या जनगणनेत घराघरांची नावं मिळत नाहीत (इंग्लंडवाले १९२१ ची घरबसल्या बघतात), आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात वतनदारांच्या वंशावळी आहेत, बदली कामगाराची कोण ठेवणार? म्हणून वही हाच आधार वाटत होता.

पण वर ‘वावर गहाण’ लिहिलं आणि थबकलो. गहाण का होईना, वावर थोरल्याच्या नावावर होतं! म्हणजे १९१८ नंतर वारसाचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) व्हायलाच हवा, आणि वारस अज्ञान (वयात न आलेला), म्हणजे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) पुढे आई नाहीतर चुलता. ही एक ओळ मिळाली तर पोर, मेलेला बाप आणि पाळणारा चुलता, तिघं एकाच कागदावर. नाशिक नंतर. गाव पश्चिम खानदेशात (आता धुळे) आणि गिरणी पूर्वेत (आता जळगाव) असल्याने खानदेश जिल्ह्याच्या १९०६ च्या वाटणीचा ताप मी कायम सोसलाय, पण जमिनीचा कागद गावाबरोबरच राहतो, तेव्हा या वेळी जळगावची चक्कर नाही.

शिंदखेडा तालुक्यातले त्या काळचे फेरफार कुणी काढले असतील तर सांगा: अर्जात ‘ड पत्रक’ लिहायचं की ‘सहा नंबर’? आणि गट नंबर नव्हे, जुना सर्व्हे नंबर लागणार ना? तो फुईआजीला ठाऊक नाही, पण वावराचं नाव तिला ठाऊक आहे.