बापाचा दाखला कुठून आणू?

ताई गेली तेव्हा भाची आठ वर्षांची होती. भाऊजी त्याच्या दीड वर्ष आधी रायपूरकडे ट्रकवर जातो म्हणून निघाले. दोन महिने फोन लागत होता, मग तोही बंद. तेराव्यानंतर पोरगी माझ्याकडे मानेवाड्याला आली. सोबत दप्तर आणि ताईची एक जुनी ओढणी, ती उशाशी घेऊनच झोपायची.

बालसंगोपन योजनेचं मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. आईबाप नसलेलं किंवा एकच पालक उरलेलं मूल नातेवाईक सांभाळत असतील, तर शासन महिन्याला 2250 रुपये देतं. मी ब्लाउज शिवते, नवरा बुटीबोरीला कंत्राटी कामगार. घरात आमचे दोन आहेतच. तिसरीची फी, रिक्षा, दूध... म्हटलं, करून बघू.

ताईचा मृत्यू दाखला होता. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढला, शाळेने बोनाफाईड दिलं. फाईल घेऊन गेले, त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. टेबलावरच्या बाबूने कागद उलटेपालटे केले.

"वडिलांचा मृत्यू दाखला?"

"ते वारले नाहीत."

"मग घटस्फोटाचा कागद?"

"घटस्फोटही नाही झाला. निघून गेले."

"कुठे?"

आता ते माहीत असतं तर मी तिथं कशाला उभी राहिले असते! बाबू म्हणाला, "ताई, बाप आहे ना मग. काहून अर्ज करून राहिल्या?"

पोलीस ठाण्यात गेले तर तिथे वेगळंच. मोठा माणूस, आपल्या मर्जीने गेला, शिवाय दीड वर्ष तुम्ही काय करत होता? प्रश्न चुकीचा नव्हता. ताई रोज म्हणायची, येतील. तक्रार दिली तर माणूस खरंच गेला असं होईल, ही तिची भीती. तिसऱ्या खेपेला नोंद झाली, तीही नवऱ्याने एक दिवसाची मजुरी बुडवून सोबत येऊन.

तोवर डिसेंबर आला. नागपुरात डिसेंबरात सरकारी काम काढू नये, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. कुठेही जा, साहेब अधिवेशनात.

मधे कुणीतरी म्हणालं, मिशन वात्सल्यमधून 4000 मिळतात, तिकडे बघा. बघितलं. शहरात राहणाऱ्यांना वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 96,000. म्हणजे महिन्याला आठ हजार. एवढ्यात भाडं, गॅस आणि तीन पोरांचं भागवणारं घर मला दाखवा. आमचा दाखला त्याच्या वर गेला, विषय संपला.

शेवटी वाट निघाली ती बाल कल्याण समितीसमोर. 2015 च्या बाल न्याय कायद्याने नेमलेली ही समिती, अध्यक्ष आणि चार सदस्य. मी कोर्टात चालल्यासारखी घाबरले होते. नवऱ्याला म्हटलंही, मुलगी काढून घेऊन बालगृहात टाकली तर? पण तिथल्या मॅडमनी वडिलांचा दाखला मागितलाच नाही. माझं प्रतिज्ञापत्र, पोलिसांची नोंद आणि गृहभेटीचा अहवाल, एवढं पुरेल म्हणाल्या. हेच पहिल्या दिवशी त्या टेबलावर कळलं असतं तर पाच महिने वाचले असते.

गृहभेटीला आलेल्या मुलीने चहा घेतला नाही. पोरगी कुठे झोपते ते विचारलं. मी कूलरजवळची जागा दाखवली. तिने चादर उचलून बघितली, ओढणी हातात घेतली, वास घेतल्यासारखं केलं आणि घडी घालून जागच्या जागी ठेवली. मग शेजारच्या काकूंकडे जाऊन बराच वेळ बोलली. काकूंनी काय सांगितलं देव जाणे, आमचं नळाच्या पाण्यावरून जमत नाही.

सुनावणीच्या दिवशी भाचीला एकटीला आत बोलावलं. दहा मिनिटं मी बाहेरच्या बाकावर बसून पिशवीचा बंद पिळत होते. बाहेर आल्यावर विचारलं, "काय गं विचारलं?"

"बाबाचं नाव. मी पूर्ण सांगितलं, आडनावासकट."

"अजून?"

"मावशी रागावते का म्हणे. मी म्हटलं, फक्त गणिताला."

आदेश आला. पैसे सुरू व्हायला आणखी उन्हाळा गेला. पहिल्यांदा जमा झाले तेव्हा पासबुक भरून आणलं आणि तिला आकडा वाचायला लावला. तिने वाचला आणि विचारलं, "हे बाबाने पाठवले?"

मी म्हटलं, नाही, सरकारने. ती बरं म्हणाली आणि खेळायला गेली. आता नवीन वर्षाचं बोनाफाईड काढायचंय. फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे या वेळी मीच लिहिलं, हयात, ठावठिकाणा माहीत नाही.