जुन्या गाडीचा रिकॉल आणि एअरबॅगची मोफत दुरुस्ती: माझा अनुभव

मालवणात सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला इंजिन, टायर आणि खालचा गंज नीट पाहून घे, असे सगळेच सांगतात. परंतु तिच्यावर कंपनीचा एखादा रिकॉल, म्हणजे सदोष भागाच्या मोफत दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावणे, बाकी आहे का, हे पाहायला कोणी सांगत नाही. आरसीवर नवे नाव चढले तरी कंपनीच्या दप्तरात ते आपोआप चढत नसल्यामुळे रिकॉलचे पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि माझ्या बाबतीत तेच झाले असावे. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगांविषयी वाचल्यावर मी माझ्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आरसीवरचा १७ अंकाक्षरांचा चेसिस नंबर भरला, तेव्हा चालकाच्या बाजूचा इन्फ्लेटर बदलायचा राहिला असल्याचे कळले. (या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात, त्यामुळे गोल चिन्ह दिसले की ते शून्यच समजावे.)

इन्फ्लेटर म्हणजे धडक होताच वायू तयार करून एअरबॅग फुगवणारी धातूची डबी. सदोष इन्फ्लेटरांतले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा सोसून खराब होते, मग ते प्रमाणाबाहेर वेगाने जळते आणि डबीच फुटून तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगात घुसतात. अशा तुकड्यांनी अनेक देशांत माणसे दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ साली ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. उष्मा आणि दमटपणा हेच कारण असेल, तर समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नव्हता.

कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर "साहेब, तुमची गाडी वॉरंटीत नाही आणि तुमच्या नावाने आमच्याकडे नोंदही नाही," असे उत्तर आले. रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नसतो आणि तो मालकाच्या नावावर नव्हे, तर चेसिस नंबरवर असतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी नंबर तपासला. मग अडचण निघाली ती पार्टची, कारण तो मागवावा लागणार होता. तोंडी आश्वासनावर न थांबता मी आरसीची प्रत आणि संकेतस्थळावरील नोंदीचे छायाचित्र जोडून सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एकच ईमेल पाठवला व तक्रार क्रमांक घेतला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते, हेही मी वाचून ठेवले होते, पण ते काढायची वेळ आली नाही. माझ्या मते खरा उपयोग झाला तो तक्रार क्रमांकाचा. तो सांगितला की पलीकडचा आवाज बदलत असे.

पार्ट आल्याचा फोन आल्यावर फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर गाठले. जॉब कार्डावर रिकॉलच्या कामाखाली व्हील अलाइनमेंट, एसीची सफाई आणि अंडरबॉडी कोटिंग अशा तीन ओळी आधीच लिहिलेल्या होत्या. "गाडी आलीच आहे तर करून टाकू की," असे सल्लागार म्हणाले. मी त्या तिन्ही ओळी खोडायला लावून मगच सही केली. मोफत कामाला गेलेला माणूस बिल घेऊन परततो, तो इथेच.

प्रत्यक्ष काम मात्र चोख झाले. मेकॅनिकने आधी बॅटरीची वायर सोडवली आणि साठलेला विद्युतभार उतरावा म्हणून काही मिनिटे हात बांधून थांबला. मग स्टिअरिंगच्या मधला हॉर्नचा भाग काढून त्यामागचे पिवळे कनेक्टर सोडवले. जुना इन्फ्लेटर मला पाहायला मिळाला, पण तो कंपनीकडे परत पाठवायचा असल्याने घरी नेता येत नाही. नवा बसवल्यावर इग्निशन चालू करून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो, हे त्याने मला दाखवले.

शून्य रुपयांचे बिल त्यांना द्यायचेच नव्हते, "पैसेच नाहीत तर बिल कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. पण अशा बिलावर चेसिस नंबर, रिकॉलचा क्रमांक आणि बदललेल्या पार्टचा उल्लेख असतो, म्हणून मी ते शिक्क्यासह मागून घेतले आणि माझा पत्ता व मोबाइल नंबर गाडीच्या नोंदीत चढवून घेतला. ते बरेच झाले, कारण पुढे संकेतस्थळावर काम अजून बाकीच दिसत होते. बिलाची प्रत ग्राहक सेवा विभागाला पाठवल्यावर ती नोंद बंद झाली.