मृग नको, दसरा धरा: रत्नागिरीतल्या सोसायटीची सामायिक बाग

आमच्याकडे बाग म्हटली की सगळे मृगाकडे डोळे लावतात. पण ज्येष्ठांसाठी, मनाला विरंगुळा म्हणून बाग करायची तर मी दसरा धरायला सांगतो. पावसात वाटांवर शेवाळ धरतं, खत वाहून जातं आणि साचलेल्या पाण्यात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) भीती. पायाला जखम असलेल्या मधुमेही माणसाला चिखलात उतरवूच नये.

सोसायटीच्या सभेत काहींचा गच्चीसाठी आग्रह होता. तो हिशोबाने मिटला: भिजलेल्या मातीचा फूटभर थर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरतो, आणि वापरातली गच्ची साधारण 150 किलोच धरून बांधलेली असते. ठराव मागच्या मोकळ्या जागेचा झाला.

वाफे जांभ्या चिऱ्यांचे, 60 सेंटिमीटर उंच. खुर्चीत बसून हात पोचतो. दोन्हीकडून काम होणार असेल तर रुंदी 120, भिंतीलगत 60. मधली वाट 120 ठेवली तर व्हीलचेअर अडत नाही. चिऱ्याची वरची कड सिमेंटने घोटून घ्याच, म्हाताऱ्या माणसांची कातडी तिच्यावर सोलते. खालच्या थरातले सांधे मात्र उघडे ठेवायचे, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतात.

तळाला चिऱ्याच्या कपच्या, त्यावर नारळाची सोडणं, मग दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट दोनतीन पाण्यांत धुवायचं. त्यातल्या खाराने रोपांची पानं कडेने करपतात. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणून तिला आधी चुना लागतो. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये, खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये दोनतीन आठवडे जाऊ द्यावेत.

पहिली पेरणी लाल माठाची. चारपाच दिवसांत उगवतो, महिन्यात भाजीला येतो. खचलेल्या माणसाला चार महिने वाट बघायला लावणं बरं नव्हे. वासाला गवती चहा, पानओवा, मरवा. वेणीला अबोली. पानफुटीचं पान नुसतं मातीवर ठेवलं तरी कडेला रोपं फुटतात, थरथरत्या हातांनाही जमणारं काम! झारी अर्धीच भरायची. कण्हेर आणि बिट्टी कुंपणालाही नको, दोन्ही विषारी; विसरभोळं माणूस काय तोंडात घालील सांगता येत नाही.

मे अखेरीस रिकामे वाफे झापांनी झाकतो. पावसाळ्यात बियाणं निवडणं, करवंट्या रंगवणं जिन्याखाली चालतं.