ज्याचा कुणालाच उपयोग नाही, तो खर्च

सोमवार

महिन्याचा हिशेब मांडताना मी आता खर्चाचे दोनच भाग करतो. ज्या खर्चातून घरात कुणाला तरी काहीतरी मिळालं तो एक, आणि ज्यातून कुणालाच काही मिळालं नाही तो दुसरा. मुलीचे रंग, आईचा नवा चष्मा, चौघांनी मिळून केलेली सहल, हे पहिल्या भागात. सडून टाकलेली पालेभाजी, रिकाम्या खोलीत फिरत राहिलेला पंखा, महिनोन्महिने न उघडलेल्या ॲपची वर्गणी, बिल उशिरा भरल्याचा दंड, हे दुसऱ्यात. दुसरा भाग आटेपर्यंत पहिल्याला हात लावायचा नाही. काटकसर म्हटली की लोक आधी माणसांच्या आवडीनिवडीवर कात्री चालवतात, आणि घर कुढायला लागतं. मग ती काटकसर टिकत नाही.

हे दोन भाग दिसायला खर्च लिहिलेला असावा लागतो. 1904 साली जपानमध्ये मोतोको हानी या पत्रकार बाईंनी घरखर्चाची वही काढली. काकेबो नावाची ती पद्धत आजही वापरतात. मी साध्या वहीतच लिहितो, तेही हाताने. फोनवर आकडा टाकला की तो विसरला जातो. लिहिताना मात्र क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात कळतं की हे कशासाठी घेतलं होतं. प्रत्येक ओळीसमोर एवढंच विचारायचं : याचा उपयोग कुणाला झाला? नाव सुचलं नाही तर ती ओळ दुसऱ्या भागात.

मंगळवार

दुसऱ्या भागात सगळ्यात जास्त ओळी स्वयंपाकघराच्या निघतात. आणि हे आमच्याच घरचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण 60 टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेलं. म्हणजे हा प्रश्न खरोखर आपल्या फ्रिजमध्येच बसलाय.

फ्रिजचा एक कप्पा, डोळ्यांच्या पातळीवरचा, मी 'आधी संपवायचं' म्हणून ठेवलाय. उरलेली भाजी, अर्धं कापलेलं फळ, मुदत जवळ आलेलं दूध, सगळं तिथे. भूक लागली की प्रत्येकाने आधी तिथे बघायचं. खालच्या ड्रॉवरमध्ये गेलेली वस्तू दिसत नाही, आणि न दिसलेली वस्तू कुणी खात नाही. म्हणून मी ड्रॉवरमध्ये फक्त टिकणाऱ्या भाज्या ठेवतो. बाजाराला जाण्याआधी फ्रिजच्या आतला फोटो काढून नेतो. यादीपेक्षा तो फोटो जास्त उपयोगी पडतो.

साठवणीच्या काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात अशा आहेत. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवायचे नाहीत, दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात आणि गारव्यात, पण फ्रिजबाहेर. उजेडात ते हिरवे पडतात, आणि फार हिरवा झालेला किंवा कडू लागणारा बटाटा टाकून द्यावा, त्यात काटकसर करू नये. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पडतात. ती वेगळी ठेवायची. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळली की जास्तीचा ओलावा शोषला जातो आणि ती जास्त दिवस चालते. गाजर मऊ पडलं तर गार पाण्यात थोडा वेळ ठेवायचं. पेशींमधलं गेलेलं पाणी परत भरतं आणि ते पुन्हा कडक होतं. पाव फ्रिजमध्ये उलट लवकर शिळा होतो. तो बाहेर ठेवावा, किंवा जास्त असेल तर कापून फ्रीझरमध्ये.

पाकिटावरच्या तारखांबद्दल मुलीला आज समजावलं. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि पोत उत्तम राहील. तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी कोरडी बिस्किटं विष होत नाहीत. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख असते, ती ओलांडायची नाही. तिने लगेच कपाटातली सगळी पाकिटं काढून वाचली आणि जुनी पुढे, नवी मागे अशी लावली. हे काम आता तिचं.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवतो. उरलेलं वाचवायचं म्हणून आजारपण विकत घ्यायचं नाही. 5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि फ्रिज 4 अंशांच्या आसपास हवा. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बराच वेळ बाहेर राहिला की ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात पसरट भांड्यात लवकर निववायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकायचा. तो खर्च दुसऱ्या भागात गेला तरी चालेल.

बुधवार

आज गॅसबद्दल थोडं. आई पहिल्यापासून भांड्यावर झाकण ठेवते आणि उकळी आली की आच मंद करते. त्यामागचं गणित मी आज मांडून पाहिलं. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला साधारण 315 किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी वाफ करून उडवायला 2260 किलोज्यूल, म्हणजे सातपट. उकळतं पाणी कितीही मोठ्या आचेवर ठेवलं तरी उघड्या भांड्यात 100 अंशांच्या वर जात नाही, फक्त जास्त वाफ होते. म्हणजे खळखळून उकळणाऱ्या भांड्यात अन्न लवकर शिजत नाही, गॅस तेवढा वाफेबरोबर उडून जातो. आईला हे आकडे दाखवले तर म्हणाली, "अरे, मग मी इतकी वर्षं काय सांगत होते?"

कडधान्य रात्री भिजवलं की शिजायला कमी वेळ लागतो. कुकरमध्ये पाण्याचं तापमान 120 अंशांच्या जवळ जातं म्हणून त्यात शिजवणं उघड्या भांड्यापेक्षा केव्हाही स्वस्त. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येत असेल तर बर्नर लहान घ्यायचा. बस, एवढंच.

गुरुवार

न्हाणीघरातला नळ ठिबकतोय. खाली भांडं ठेवून तासाभरात किती पाणी साचतं ते मोजायचं आणि 24 ने गुणायचं. कुणाला पटवायची गरजच उरत नाही, आकडा पाहून घरातलं कुणीतरी स्वतः वॉशर आणायला निघतं. फ्लशच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाकायचे, अर्धा तास फ्लश करायचा नाही. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीतला व्हॉल्व्ह गळतोय. ती गळती रात्रंदिवस चालते, म्हणून ती आधी दुरुस्त करायची.

विजेच्या बाबतीत मी एकच हिशेब धरून बसतो : 1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. त्यावरून लगेच कळतं की जोर कुठे लावायचा. 9 वॅटचा एलईडी दिवा एका युनिटमध्ये 111 तास जळतो; तेवढाच उजेड देणारा जुना 60 वॅटचा दिवा जेमतेम 17 तास. पण 2000 वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. म्हणजे एलईडी लावून झाल्यावर दिव्यावरून मुलांच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही, गीझरकडे बघावं. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांपर्यंत तापवायला पाव तासापेक्षा थोडा जास्त वेळ पुरतो, आणि त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीचं 40 अंशांचं साधारण 35 लिटर पाणी होतं. दोघांच्या अंघोळीला ते पुष्कळ. म्हणून आमच्याकडे अंघोळी पाठोपाठ होतात आणि गीझर मध्येच चालू राहत नाही. पाणी गरम हवंच, त्यात कुणाला कुडकुडत ठेवायचं नाही.

वॉशिंग मशीनचंही तसंच. गरम पाण्याने धुताना बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रोजचे कपडे गार पाण्यात नीट निघतात. फार मळलेले आणि आजारी माणसाचे तेवढे गरम पाण्यात. पावडर जास्त टाकली म्हणून कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट खळबळायला पाणी जास्त लागतं आणि कापडात पावडर राहते.

शुक्रवार

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सगळं साफ करायचा सल्ला हल्ली जिथे तिथे दिसतो. बायकोला आज कुणीतरी तो पाठवला, म्हणून लिहून ठेवतो. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस छान येतो, पण शेवटी उरतं ते मुख्यतः पाणी आणि थोडंसं क्षार. दोन्ही चांगले आहेत, वेगवेगळे वापरले तर. नळावरचे पांढरे क्षार काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, कारण ते चुन्याचे थर विरघळवतात. चिकट ओटा घासायला आणि वास घालवायला सोडा. आणि ब्लीच कशातच मिसळायचं नाही. आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन, आणि बंद न्हाणीघरात दोन्ही जिवावर बेततात. घरगुती उपायांच्या उत्साहात ही एक गोष्ट कुणी विसरू नये असं मला फार वाटतं.

शनिवार

आज मुलीने दुकानात एक महागडी पेन्सिलपेटी मागितली. "पैसे नाहीत" असं मी तिला कधीच सांगत नाही. ते खरंही नसतं, आणि मुलं त्यातून भीती उचलतात. रात्री अंथरुणात पडून आईबाबांकडे पैसे नाहीत याचा विचार करत राहतात. मी म्हणतो, "यासाठी ठेवलेले नाहीत, सुट्टीतल्या प्रवासासाठी ठेवलेत. पेटी यादीत लिहू, पुढच्या महिन्यात बघू." यादी फ्रिजच्या दारावर आहे, सगळ्यांसाठी एकच, माझ्याही वस्तू तिच्यावर असतात. तातडीची नसलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह तिथे लिहायची आणि महिनाभर थांबायचं. महिन्यानंतरही हवी असेल तर आनंदाने घ्यायची. बऱ्याच वस्तू त्या आधीच खोडल्या जातात, आणि खोडणारा ज्याचा त्याचा हात असतो, म्हणून रुसवेफुगवे होत नाहीत.

दुकानात ती आणखी एक गोष्ट शिकलीय. पाकिटाची किंमत बघायची नाही, शंभर ग्रॅमची किंमत काढायची. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही, आणि कधी कधी किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलेलं असतं. ती आता माझ्याआधी हिशेब करते. आणि मोठं पाकीट खरंच स्वस्त पडलं तरी ते संपणार आहे का, हा प्रश्न ती मलाच विचारते.

रविवार

महिन्याची रक्कम हातात आली की बचतीचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढायचा. उरलं तर वाचवू म्हटलं की उरत नाही. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम वेगळी असावी, आणि ती एकदम जमणार नाही म्हणून सुरुवातच करू नये असं नाही. आम्हीही ती हळूहळूच जमवतोय.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर बचतीच्याही आधी ती. महिन्याला 3 टक्के हा आकडा छोटा दिसतो, पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. घरातले सगळे दिवे विझवून बसलं तरी तेवढं वाचणार नाही. ज्या घरात अशी थकबाकी आहे तिथे बाकीच्या युक्त्या नंतर.

आणि जे खर्च वर्षातून एकदाच येतात, विम्याचा हप्ता, शाळेची फी, दुरुस्त्या, त्यांची बेरीज करून 12 ने भागायची आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची. हे खर्च अचानक येत नाहीत, त्यांची तारीख आपल्याला ठाऊक असते. तरी ते येतात तेव्हा घरात ताण होतो, आणि तो ताण आईच्या औषधांवर किंवा मुलीच्या हौसेवर निघतो.

कुठे वाचवायचं नाही याचीही यादी वहीच्या शेवटच्या पानावर केलीय. गॅसची नळी, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, विजेच्या वायरी, हेल्मेट, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी. औषधांत जेनेरिक पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारायला संकोच करायचा नाही, घटक तोच असतो. पण डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही. आई मध्यंतरी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होती, संपू नये म्हणून. त्या दिवशी मी तिच्याजवळ बसून वही उघडली आणि पहिल्या भागात तिच्या औषधांची ओळ सगळ्यात वर लिहिली, तिच्यासमोर. आता महिन्याची गोळ्यांची पाकिटं मीच आधी आणून ठेवतो.