सगळंच पी-वन

आज परत तीच मीटिंग, दीड तास. तीन टीमचे लीड, मी, आणि स्क्रीनवर ती एक्सेल, आमच्या प्लॅटफॉर्म टीमकडे मागितलेली २३ कामं आणि त्यातली १७ पी-वन, म्हणजे ‘सगळ्यात आधी करा’ वाली. सतरा पी-वन असतील तर पी-टू वाल्यांनी काय घोडं मारलंय देव जाणे.

मागच्या क्वार्टरला राइस नावाची, कामांना गुण देऊन क्रम लावायची पद्धत आणायचा शहाणपणा मीच केला होता. रीच (किती जणांना उपयोग) गुणिले इम्पॅक्ट (किती फरक पडेल) गुणिले कॉन्फिडन्स (अंदाजाची खात्री), भागिले एफर्ट (लागणारी मेहनत). टीमच्या आत ते झकास चालतं, कारण आकडे टाकणारेही आपणच आणि एकमेकांच्या थापा ओळखणारेही आपणच. पण बाहेरच्यांना शीट भरायला दिली आणि पेमेंटवाल्यांचा इम्पॅक्ट ३, ॲपवाल्यांचा ३, रिपोर्टिंगवाल्यांचाही ३, कारण स्केल तिथेच संपतं. कॉन्फिडन्स सगळ्यांचा १०० टक्के. एका नवीन लागलेल्या पोराने प्रामाणिकपणे ५० टाकले, त्याचं काम गेलं तळाला. नंतर कँटीनमध्ये त्याच्याशी बोलताना मलाच कसंतरी झालं.

रविवारी दळण टाकायला गेले होते. माझ्या आधी एका मेसवाल्याचं भलंमोठं पोतं उभं, म्हटलं आता तासभर तरी गेला. गिरणीवाल्या काकांनी त्याला विचारलं, "कधी लागणार?" तो म्हणाला संध्याकाळी. झालं, काकांनी माझा तीन किलोचा डबा आधी ओतला. मागून एक काकू बाजरी घेऊन आल्या, त्यांना मात्र थांबवलं, गहू सगळे संपू द्या म्हणाले, मध्येच बाजरी घातली की पुढच्या माणसाच्या पिठात ती उतरते. कोणी वाद घातला नाही.

म्हणून आज एक्सेल बंद केली आणि काकांचाच प्रश्न विचारला. महत्त्वाचं आहे का ते सोडा, तीन आठवडे उशीर झाला तर नक्की काय होईल ते सांगा. दोन मिनिटं शांतता. पेमेंटवाल्यांकडे खरी तारीख निघाली, जुना एपीआय, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमशी जोडणारा दुवा, महिनाअखेरीला बंद होतोय. रिपोर्टिंगवाला म्हणाला, "तसं काही अडत नाही, पण वर कमिट केलंय ना."

मग फळ्यावर गणित मांडलं. एक काम एका आठवड्याचं, न झाल्यास आठवड्याला २ लाख जातात. दुसरं तीन आठवड्यांचं, त्याचे आठवड्याला ३ लाख. सगळे म्हणाले आधी तीनवालं. पण लहान आधी केलं तर नुकसान २ आणि १२ मिळून १४ लाख, मोठं आधी केलं तर ९ आणि ८ मिळून १७. उशिराची किंमत भागिले कामाचा आकार, एवढंच. ज्याचं उत्तर मोठं ते आधी.

ॲपवाला मात्र भडकला. "म्हणजे आमचं मोठं काम कायम लाइनीतच उभं राहणार." बरोबर होतं त्याचं, लहान-लहान कामं घुसत राहिली तर पोतं संध्याकाळपर्यंत तसंच राहील. पण काका एकदा पोतं ओतायला लागले की मग मध्ये कोणाचा डबा घेत नाहीत, आणि आम्ही नेमकं तेच करतो. आमच्या बोर्डवर आत्ता १४ कामं इन प्रोग्रेस आहेत आणि आठवड्याला संपतात जेमतेम २. रांगांचं गणित मांडणाऱ्या जॉन लिटिलने १९६१ मध्ये सिद्ध करून ठेवलंय, हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. चौदा भागिले दोन, म्हणजे प्रत्येक काम सरासरी ७ आठवडे लटकणार, प्रायोरिटी लेबल कुठलंही चिकटवा. आणि आम्ही दरवेळी भांडतो ते लेबलवरूनच.

तर ठरलं, एका वेळी पाचच कामं हातात, बाकीची परत रांगेत. कुठली नऊ मागे ढकलायची ते उद्या सकाळी सांगायचंय. मघाशी यादी करायला बसले तर पहिली तीन माझ्याच नावावर निघाली, त्यातलं एक मार्चपासून उघडं आहे.