खाली दावीद, वर येशू, मधे जिना

दहा दिवसांत आमच्या टूरवाल्यांनी इतकी चर्चेस दाखवली की घरी आल्यावर कुठला फोटो कुठला ते सांगता येईना. बेथलेहेमला दीड तास रांग. गालीलच्या सरोवरात बोटीवर मराठी भक्तिगीतं. मृत समुद्राचं पाणी डोळ्यांत गेलं आणि दिवस त्यातच संपला. लिहायचंय ते जेरुसलेमच्या सियोन डोंगरावरच्या एका जिन्याबद्दल.

तिथे मला भेटायला मावशी अश्दोदहून बसने आली होती. मावशी म्हणजे ठाण्याची आमची शेजारीण. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, टेंभी नाक्याजवळच्या 1879 सालच्या सिनेगॉगमध्ये जाणारं घर. आम्ही मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे. मी नववीत असताना ते लोक इस्राएलला गेले. तिचं मराठी अजून त्याच सालात आहे. मोबाइलला ‘फोन लावते’ म्हणते आणि जोरात बोलते, ट्रंक कॉल असल्यासारखी.

इथे एकाच इमारतीत खाली दावीद राजाची कबर आहे आणि वर येशूच्या शेवटच्या भोजनाची खोली. कबर खरी दावीदाची नाही असं बहुतेक अभ्यासक म्हणतात, पण बायकांच्या बाजूला उभं राहिल्यावर ते कुणाच्या मनात येत नसावं. मखमलीने झाकलेला दगड आणि पुस्तकात तोंड खुपसून डुलणाऱ्या बायका. मावशी पुटपुटली, ‘दाविद मेलेख इस्राएल, हाय व'कयाम.’ म्हणजे दावीद राजा जिवंत आहे.

मग वर गेलो. उंच कमानींची रिकामी खोली. सोळाव्या शतकात इथून फ्रान्सिस्कन साधूंना घालवून मशीद केली, तिचा मिहराब, मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, अजून भिंतीत आहे. मिस्सा करायला परवानगी नाही, म्हणून आमच्या ग्रुपमधल्या एकाने नुसतं वाचन केलं. पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याने केलेलं भाषण. त्याचा मुद्दा असा: दावीद तर मेला, पुरला, त्याची कबर आजही आपल्यात आहे, मग सोळाव्या स्तोत्रात ‘तू तुझ्या पवित्राला कुजू देणार नाहीस’ म्हटलंय ते दावीदाबद्दल कसं असेल? ते येशूबद्दल!

वाचन मराठीत होतं. दुसऱ्या कुठल्या देशाचा ग्रुप असता तर मावशीला कळलंही नसतं.

जिन्यात तिने मला थांबवलं. ‘कुजणं कुठून आणलंत गं? हिब्रूत शहत आहे. खड्डा. देवा, मला खड्ड्यात पडू देऊ नको, असं जित्या माणसाचं गाणं आहे ते.’ (घरी येऊन पाहिलं. जुन्या ग्रीक भाषांतरात खड्ड्याचं कुजणं झालंय आणि बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला पेत्र ग्रीकमध्येच बोलतो. म्हणजे मावशीच्या म्हणण्यात दम होता.)

आता तिला जोर चढला. ‘मशियाह, म्हणजे तुमचा ख्रिस्त, दावीदाच्या घराण्यातला हवा ना? घराणं चालतं बापाकडून. तुमच्या मत्तयाने येशूची वंशावळ दिली ती मरियेच्या नवऱ्याची, योसेफाची. आणि योसेफ बाप नव्हे, असं तुम्हीच म्हणता!’

‘कायद्याने बाप,’ मी म्हटलं. म्हणताना मलाच ते रेशनकार्डावरचं नाव वाटलं.

‘बरं. पण तो येऊन गेला तर यशयाने म्हटलेले तलवारींचे नांगर कुठे झाले?’ तिने सियोन दरवाज्याकडे हात केला. तिथल्या दगडांवर 1948 च्या गोळ्यांचे खड्डे तसेच आहेत.

‘तो परत येणार आहे, तेव्हा होतील.’

‘दोनदा येईल असं आमच्या पुस्तकात नाही.’

माझी श्रद्धा काही हलली नाही, आणि तिचीही हलणार नव्हती. पण एक गोष्ट कित्येक वर्षं घशात होती, ती तिथे बाहेर पडली. दुसरीत असताना, गुड फ्रायडेनंतर, आमच्या चाळीच्या जिन्यात मी तिच्या मुलाला म्हटलं होतं, ‘तुम्ही आमच्या येशूला मारलं.’ कुठे ऐकलं होतं कोण जाणे. त्या दोषाचं खापर सरसकट यहुद्यांवर फोडता येत नाही, असं व्हॅटिकनने 1965 सालीच जाहीर केलं होतं. आमच्या चाळीत ते पोचलं नव्हतं.

‘आठवतंय,’ मावशी म्हणाली. ‘रडत आला होता. आई, आपण कधी मारलं? मी म्हटलं, आपण तेव्हा कोकणात तेल गाळत होतो, आपल्याला काय ठाऊक!’

ती हसली. मला मात्र पटकन हसता आलं नाही.

खालून गाइड ‘यल्ला, यल्ला’ करत डोकी मोजत होता. मावशीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मलिदा. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात. मशियाहच्या आधी तो यायचा आहे, अशी त्यांची वाट पाहणं.

‘तुमच्या ठाण्याच्या चर्चला नाव कुणाचं गं?’

‘बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं.’

‘म्हणजे तुम्ही ज्याला एलिया म्हणता तोच ना? तो येऊन गेला म्हणे!’ तिने माझ्या हातावर मूठभर मलिदा ठेवला. ‘मग हा मी कुणासाठी केला?’

पोह्यांत वेलची जास्त झाली होती. ठाण्यातही व्हायची.